भावाच्या गळाला लागलेला कुपा

पाळीची यादी मी गावी, दिंद्रुडमध्येच केली होती आणि निघण्यापूर्वी सगळ्यांना वाचून दाखवली होती. रॉड दोन, माणसं सहा. पहिला तास मालक आणि त्यांचा मेहुणा, दुसरा बाजारातले दोन दुकानदार, तिसरा माझा थोरला भाऊ आणि मी. ज्याच्या पाळीत मासा लागेल, मासा त्याचा. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. हे आधीच सांगतो, कारण नंतर कुणालाच काही आठवेना.

भाऊ मेंढपाळ. माजलगाव धरणाच्या पाण्यात तो कित्येक वर्षं गळ टाकत आलाय. एकदा मोबाइलवर कुपा, म्हणजे ट्यूना, ओढतानाचा व्हिडिओ बघून म्हणाला, "असा एक हाताला लागला पायजे रे." तेवढ्यावर मी कोकणातली बोट ठरवली. मालक नंतर जोडले गेले. गावातली निम्मी जमीन त्यांची. उन्हाळ्यात भाऊ त्यांच्याच रानात मेंढ्या बसवतो. त्यांना 'येऊ नका' कोण म्हणणार?

पहाटे धक्क्यावर मी उलटीच्या गोळ्या वाटल्या. मालकांनी गोळी परत केली. "आमाला काय व्हतंय बे?"

किनारा दिसेनासा व्हायच्या आत मालक बोटीच्या फळ्यांवर आडवे होते. त्यांची पाळी झोपून गेली, मेहुण्याची त्यांच्या तोंडापुढे बादली धरण्यात. दुकानदारांच्या तासात काहीच लागलं नाही.

आमची पाळी आली. बोट चालू, मागे पाण्यात नकली मासे ओढले जात होते. मी यादीची वही मांडीवर ठेवून बसलो होतो. भाऊ रॉडकडे बघतच नव्हता. रानात कळपातली एक मेंढी कमी झाली की जसा बघतो, तसा लांब बघत होता.

"तितं पाखरं खाली पडायलीत," तो म्हणाला.

पाखरं सूर मारतात तिथे खाली मासे असतात. तांडेलाने बोट वळवली. पाखरांच्या खालून गेलो आणि भावाचा रॉड कमानीसारखा वाकला. मी घड्याळ बघून वेळ लिहिली.

भावाला कुणी काही शिकवावं लागलं नाही. मासा पळाला की दोर सोडायचा, थांबला की ओढायचा. पाय फळीला लावलेले, टोपी कधीच उडालेली. "लई ताकद हाय रे! रेडाच हाय!" इतका मोठ्याने हसताना मी त्याला पाहिलं नव्हतं. शेवटी निळ्या पाण्यात चंदेरी पाठ दिसली. दमून गोल गोल फिरत होती.

तेव्हा मेहुणा ओरडला, "मालक, उठा! फोटो! द्या हो रॉड मालकाला."

मालक खरंच उठले. बोटीचा कठडा धरत, तोंड पुसत आले.

मी म्हणालो, "यादीत त्यांची पाळी झालीय."

"यादी घाल चुलीत, मास्तर! मालक मोठे का तुझी वही?"

तांडेल सुकाणू न सोडता म्हणाला, "ज्याच्या गळाला लागला, त्यानंच ओढायचा."

मी भावाकडे बघितलं. त्याने नुसतं 'न्हाई' म्हणायचं होतं. तांडेल त्याच्या बाजूने होता, मी होतो.

"घ्या मालक," भाऊ म्हणाला आणि दोन्ही हातांनी रॉड पुढे केला, पानसुपारीचं तबक करावं तसा.

मालकांनी रीळ दहा-बारा वेळा फिरवलं असेल. मासा बोटीत आला. फोटोत शेपटी उचलून धरलेले दोन काळे हात भावाचे आहेत. चेहरा मेहुण्याने कापला. आम्ही धक्क्याला लागायच्या आत गावभर स्टेटस फिरत होतं : 'मालकांची पहिलीच शिकार'.

परतीला मी गाडीत भावाला विचारलं, "कावून दिलास?"

"हात भरून आलते."

खोटं. दिवसभर कातरणी चालवणारे हात ते. घाट चढून जेवायला थांबलो तेव्हा मी मालकांच्या टेबलावर बसलो नाही.

मालकांनी मासा गावात वाटला. आमच्या वाट्याला डोकं आलं. वहिनीने कालवण केलं. मी ताटाला हात लावला नाही. भाऊ मात्र काटे चोखून चोखून जेवला. हात धुतले, माझ्याजवळ येऊन बसला, वहिनी आत गेलीय ना ते बघितलं आणि हळूच विचारलं,

"किती टाइम धरलता रे मी त्येला?"

ती वही त्याच्या टाळक्यात घालावी असं वाटलं. मी ती उघडली.

"बावीस मिनिटं."

"आन मालकानं?"

"एक. तेही पुरतं नाही."

त्याने बोटाने ती ओळ दाबली. त्याला वाचता येत नाही.

"शाईनं लिवलंय न्हवं?"

"पेन्सिलीनं."

"मग शाईनं लिव," भाऊ म्हणाला आणि मी लिहीपर्यंत जागचा हलला नाही.