जरीच्या तारेचा फ्यूज

सुरतेतली ती जळालेली गाडी आजही जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की मला माझाच राग येतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा सुरतेत फौजदार होतो. आमचं घराणं मूळचं धुळ्याकडचं. वडील नोकरीसाठी आले आणि आम्ही इथलेच झालो.

एका दुपारी साड्यांचे एक व्यापारी धापा टाकत ठाण्यात आले. गोदामाच्या आवारात त्यांची गाडी पेटली होती आणि डिकीतले साड्यांचे गठ्ठेही गेले होते. "साहेब, एणे ज मारी गाडी बाळी छे!" त्यानेच जाळली, हेच ते घोकत होते. 'तो' म्हणजे गोडादऱ्यात राहणारा, गाड्यांच्या दिव्यांची कामं करणारा एक खानदेशी वायरमन. आदल्या दिवशी गोदामात दोघांची जुंपली होती आणि "गाडी जळेल तुमची!" असं तो चार कामगारांदेखत ओरडला होता. आज ड्रायव्हरने गाडी मागे घेत आवारात लावली, तो चहाला गेला, आणि थोड्याच वेळात डिकीतून जाळ निघाला. आवारात तेव्हा चिटपाखरूही नव्हतं.

फिर्याद नोंदवली, पंचनामा केला. संध्याकाळी खबऱ्याकडून कळलं की वायरमन कडोदऱ्याला मेहुण्याच्या खोलीवर लपून बसलाय. निर्दोष माणूस लपतो कशाला? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर न शोधताच त्याला उचलून आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कोर्टात रिमांड मागायचा होता. त्याआधी कबुली घ्यायचीच, असा मी चंग बांधला.

सकाळी जबाब घ्यायला बसलो.

"भांडण झालं होतं?"

"झायं व्हतं साहेब."

"गाडी जळेल म्हणालास?"

"म्हनं व्हतं, पन तो फ्यूज..."

"विचारलं तेवढं सांग."

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी हातही उचलला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण लपवणार नाही. लपलास का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "पोलीस गरिबनं ऐकतस का साहेब?" याचा मला जास्तच राग आला.

त्याची बायको डबा घेऊन दारात उभी होती. "मना मानूस भांडखोर शे, पन आग लावनारा नही," ती म्हणाली. "त्याले जेल झायी तं मी गावले काय तोंड दखाडू?" मी तिला बाकावर बसवलं आणि माझं काम पुढे चालू ठेवलं.

अकराच्या सुमारास ठाण्यातले पंखे थांबले. फ्यूज उडाला होता. जमादार सवयीने मीटरच्या बोर्डाकडे गेला. आमची रीत ठरलेली, घरी तीच आणि ठाण्यातही तीच: वायरचा तुकडा सोलायचा, हाती येतील तेवढे पदर पिळायचे आणि बांधून मोकळं व्हायचं. तेवढ्यात लॉकअपच्या गजांमागून आरडाओरडा सुरू झाला.

"जमादार, जाड तार नका बांधू! फ्यूज उडना म्हंजे कोठे तरी बिघाड शे. तो शोधा, नहीतं बोर्ड पेटी जाई!"

ज्याला मी आग लावणारा म्हणून कोर्टात उभं करणार होतो, तो माणूस आमचं ठाणं जळू नये म्हणून घसा फोडत होता. मी खुर्ची गजांपाशी ओढली. "तुझ्या फ्यूजचं काय ते सांग. सगळं सांग."

मग तो बोलला. अंधारात गाडी मागे घेताना उजेड पुरत नाही म्हणून व्यापाऱ्यांना मागचे दिवे झगझगीत हवे होते. गाडीची मूळ तार बारीक. तिच्यावर मोठे बल्ब टाकले तर ती तापते. म्हणून त्याने बॅटरीपासून वेगळी जाड तार ओढली, मध्ये रिले, म्हणजे दिव्यांचा भार पेलणारा स्विच, बसवला, बॅटरीला लागूनच फ्यूज ठेवला. पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथे रबरही घातलं. काम चोख होतं. पण डिकीत कोंबलेल्या गठ्ठ्यांनी तार ओढली गेली असावी. दोनदा फ्यूज उडाला. डिकी रिकामी करा, तार बघू द्या, असं हा म्हणाला. वेळ नाही, जाड फ्यूज टाक, असं मालक म्हणाले. भांडण झालं ते यावरून.

"मग तिसऱ्यांदाही फ्यूज उडायला हवा होता. आग कशी लागली?"

"तेच तं सांगी ऱ्हायनू साहेब. तो फ्यूज दखा!"

दोन पंच घेऊन मी जळालेली गाडी गाठली. मागचा भाग कोळसा झाला होता, पण बोनेटखालचं सगळं शाबूत होतं. फ्यूजच्या जागी तांब्याची केसासारखी बारीक तार होती, चांगली सात-आठ पदरी पिळलेली. सुरतेत ती तार ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. गोदामाला लागूनच अशी तार ओढणारा जरीचा कारखाना होता.

ड्रायव्हरला बोलावलं. त्याने काहीच आढेवेढे घेतले नाहीत. "सेठ बोले लाइट चालू होनी चाहिए. घर का फ्यूज भी तो हम ऐसे ही बाँधते हैं, साहब." तो खोटं बोलत नव्हता. जळालेल्या डिकीत तार एका जागी पत्र्याला वितळून चिकटली होती; तिथलं आवरण आधीच घासून गेलं असणार. गाडी मागे घेताना तिथे ती तापून लाल झाली आणि गठ्ठे आतल्या आत धुमसत राहिले. फ्यूजच्या जागची ती जरीची तार सील करून मुद्देमालात जमा केली. पुढे वीज निरीक्षकांनीही हेच लिहून दिलं.

त्या दुपारी मी कोर्टात रिमांड मागितला नाही. वायरमनला सोडण्याचा अहवाल दिला. कोर्टातून ठाण्यात आल्यावर मी त्याला म्हणालो, "चुकलं माझं." बाकावरच्या बायकोकडे जाण्याआधी तो मीटरच्या बोर्डापाशी गेला, जमादाराने तरीही बांधलेली जाड तार उपटून काढली, बिघाड शोधला, बारीक तारेचा एकच पदर लावला. मग दोघं डबा तसाच घेऊन निघून गेली.

ती गेल्यावर मी सकाळचा जबाब पुन्हा वाचला. माझ्याच अक्षरातली तीन पानं. त्याने तीनदा सांगितलेला 'फ्यूज' हा शब्द त्यात एकदाही नव्हता.

ती पानं बघून मला लाज वाटली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक जबाबाच्या शेवटी मी विचारत आलो, "मी विचारलं नाही असं काही सांगायचंय का?" आणि समोरचा बोलायचा थांबेपर्यंत पेन खाली ठेवलं नाही.