मागच्या सीटवरचा दिवा

आधीच सांगते, मी या ग्रुपवर येते ती हसायला. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाच्या माळ्यावर कोण चालतं… मी वाचायची आणि ह्यांनाही वाचून दाखवायची. हे केंद्र सरकारच्या नोकरीत इलेक्ट्रिकल इंजिनियर, मी शाळेत गणिताची मास्तरीण. आमच्या घरात भुताला कुणी पाणीसुद्धा विचारलं नसतं. तरी आज लिहितेय, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय राहिलेली नाही.

आम्ही बरीच वर्षं मयूर विहारला होतो. ह्यांच्या रिटायरमेंटनंतर गाझियाबादला आलो. सोसायटी एवढी मोठी की गेटपासून आमच्या टॉवरपर्यंत म्हाताऱ्यांसाठी एक गोल्फ कार्ट ठेवलीय. बॅटरीवरची, सेकंडहँड. पुढे ड्रायव्हर आणि शेजारी एक माणूस, मागे उलट्या तोंडाची सीट. उलटं बसलं की मला गरगरतं, म्हणून मी कायम पुढे.

कार्ट आली तेव्हा तिला ना हेडलाइट, ना हॉर्न, ना पंखा. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने गाडीच्या चार बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच वायर ओढून सगळं जोडलं. थोड्याच दिवसांत ती बॅटरी बसली आणि हे भडकले. जेवताना मला लेक्चर — "अगं, गाडी चौघींनी ओढायची आणि दिव्यांचं काम एकटीने? ती मरणारच! आणि बाकीच्या तिघींनाही घेऊन जाणार." मग ह्यांनी स्वतः उभं राहून कन्व्हर्टर बसवून घेतला. म्हणजे चारही बॅटऱ्यांचे मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट घ्यायचे, त्याचे बारा करायचे आणि दिव्यांना द्यायचे. वर हौसेने मागच्या सीटच्या छतालाही एक छोटा पिवळा दिवा लावला. मी म्हटलं, "मागे कशाला? कोण वाचत बसणार आहे तिथे?" हे म्हणाले, "असू दे गं."

गेल्या हिवाळ्यात हे गेले. झोपेतच.

त्यानंतरच्या पावसाळ्यात कन्व्हर्टर जळला. रिपेअरवाल्यांनी तो काढून नेला, वायरींच्या टोकांना टेप गुंडाळली, आणि पार्ट येतोय-येतोय म्हणता म्हणता डिसेंबर उजाडला. गाडी चालायची, पण दिवे, हॉर्न सगळं बंद. रामपाल, आमचा ड्रायव्हर, पुढच्या दांड्याला टॉर्च बांधून "साइड भैया, साइड!" ओरडत चालवायचा.

आता मेघना. माझी सून… होती. समीरशी, माझ्या मुलाशी, पटलं नाही, कोर्टात गेली, आणि रेवाला, माझ्या नातीला, घेऊन नोएडाला राहायला लागली. त्या दिवशी ह्यांनी निक्षून सांगितलं, "या घराचा आणि तिचा संबंध संपला. फोन नाही, भेट नाही. आपण मुलाच्या बाजूने." मी पाळलं. रेवाच्या वाढदिवसाला ह्यांच्यापुढे अक्षरशः पदर पसरला — एक फोन करू द्या. म्हणाले, "एकदा ठरलं ना?" मी हातातला फोन खाली ठेवला. हे गेल्यावरही मोडलं नाही. गेलेल्या माणसाचा शब्द. तीन वर्षं नातीचा आवाज ऐकला नव्हता मी.

डिसेंबरात एका संध्याकाळी मेघनाचाच फोन आला. "आई, मी गेटवर आहे. बाबांना वर्ष होईल आता… राहवलं नाही. येऊ?"

नाही म्हणायला घरात होतं कोण? मीच रामपालबरोबर कार्टने गेटवर गेले. धुकं उतरायला लागलं होतं. फार बोललो नाही. मी पुढे बसले, ती मागे. गाडी निघाली, मागून 'टिक' असा आवाज आला आणि माझ्या मांडीवर पिवळा उजेड पडला.

रामपालने ब्रेकच मारला. "आंटीजी… लाइन तो कटी हुई है."

मी वळून बघितलं. छतावरचा दिवा लागला होता. मेघनाचा हात सीटखाली.

"तिथे काय आहे?"

"बटण," ती म्हणाली. "अंधारलं होतं, म्हणून सवयीने…"

सवयीने! मी रोज त्या गाडीतून फिरते, वायरिंग माझ्या नवऱ्याने करून घेतलं, आणि सीटखाली बटण आहे हे मला ठाऊक नाही.

"तुला कशी गं सवय?"

तिने माझ्याकडे वळून बघितलं. मग म्हणाली, "आई, बाबांनी कधीच सांगितलं नाही तुम्हाला? मला वाटलं, शेवटी तरी सांगितलं असेल."

दर गुरुवारी मी मेट्रोने मयूर विहारला भजनाला जायची. दर गुरुवारी ह्यांची 'लायब्ररी कमिटी' असायची. कमिटी म्हणजे, मेघनाने सांगितलं, ही गाडी, मागच्या पार्कच्या कुंपणाशी उभी केलेली. मेघना रेवाला घेऊन यायची, आणि रेवा मागच्या सीटवर बसून आजोबांकडून गणित शिकायची. गणित! घरात गणिताची मास्तरीण असताना. थंडीत लवकर अंधारतं म्हणून तो दिवा. आणि बटण सीटखाली कशाला, तर पुढे बसणाऱ्या माणसाला दिसू नये म्हणून.

पुढे मी बसायची.

रामपालकडे बघितलं, तर तो फडक्याने स्टिअरिंग पुसत होता. त्याला माहीत, गेटवरच्या गार्डला माहीत, माळ्याला माहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वरचा दिवा कधी विझला ते मला कळलंही नाही. माझं लक्ष होतं कुठे त्याच्याकडे.

दुसऱ्या दिवशी रिपेअरवाल्याला बोलावलं. मला वाटलं, आत कुठेतरी वायरला वायर चिकटली असेल. त्याने सगळं उघडलं. टेप जशीच्या तशी होती, बटणाची वायर कशालाच जोडलेली नव्हती. मग त्याने दिव्याचा बल्ब काढून दुसऱ्या बॅटरीवर लावून बघितला. "मैडम, ये तो फ्यूज है. ये जल ही नहीं सकता." मी बल्ब हातात घेऊन हलवला. आतली तार तुटून वाजत होती. मी त्याला तोच बल्ब परत लावायला सांगितला.

त्यानंतर येता-जाता मी ते बटण दाबायला लागले. उलट्या सीटवर बसून, गरगरत असताना दाबलं. एकदा रामपाल चहाला गेला होता तेव्हा तोंडाने म्हटलंसुद्धा, "अहो, मी आहे." काही नाही.

पुढच्या गुरुवारी मेघना रेवाला घेऊन आली. पोर केवढी उंच झालीय… माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघत होती. सरळ मागच्या सीटवर जाऊन बसली. मी शेजारी बसले. तिने न बघता हात खाली घातला, टिक, आणि दिवा लागला. फ्यूज गेलेला बल्ब, तुटलेली वायर, आणि तिच्या केसांवर पिवळा उजेड.

"मी दाबून बघू?" मी विचारलं. तिने हात काढला तर विझला. मी दाबलं, नाही लागला. तिने माझ्या बोटावर आपला हात ठेवून दाबलं तेव्हा लागला.

"आजी," ती हळूच म्हणाली, "तू गुस्सा नाही ना? आजोबा बोलले होते, आजीला बिल्कुल नाही सांगायचं. आजीला आवडत नाही आपण भेटलेलं."

मी पदराने डोळे पुसले. मेघनाला वाटलं, नात भेटली म्हणून मी रडतेय. तेही होतंच. पण त्याहून जास्त राग होता.

तुटक्या तारेचा बल्ब कसा लागतो, ते मला अजून कळलेलं नाही. इथे कुणाला माहीत असेल तर सांगू नका, मला नकोय ते. ह्यांना गाडीत यायला जमतं, दिवा लावायला जमतं, तर एकदा माझ्यासमोर या म्हणावं आणि सांगा — नियम तुमचा होता, मग नातीपुढे मला का वाईट ठरवलंत?