जीपमधली फळी

लेकीने परवा जुन्या गाडीत कॅम्पिंगसाठी झोपायची फळी बसवून घेतली. नुकत्याच कापलेल्या लाकडाच्या वासाने मला परळच्या चाळीतली एक दुपार आठवली.

गिरण्यांचा संप लांबला होता. माझे वडील गिरणीत फिटर. एका डॉक्टरांना जंगलात मुक्काम करायचा होता, म्हणून त्यांच्या जुन्या जीपमध्ये बाबा अशीच फळी बसवत होते. लांबी बघायला ते आडवे झाले आणि तिथेच झोपले.

"आई, बाबा कामावर झोपले!" मी हसत ओरडले.

आई धावत खाली आली. "गप ऱ्हव! उठव नको तेंका. किती महिन्यांनी डोळो लागलो."

बाबांच्या तोंडावर ऊन येत होतं. आई पदर आडवा धरून उभी राहिली. सगळी चाळ बघत होती. मला तेव्हा नुसती लाज वाटली.