एका दुपारच्या तीन दिवाळ्या

१९६७ साली पाचोरा स्टेशनावर मला पोचवायला आई आणि थोरला भाऊ नाना, दोघंच आले होते. नर्सची नोकरी करायला मी विलायतेला निघाले होते. आई रडली नाही. गाडी हलताना एवढंच म्हणाली, “फोटू धाडत जाय. मी बी धाडसू.”

तिने शब्द पाळला. दर दिवाळीला नानाच्या पत्रातून जळगावच्या स्टुडिओत काढलेला तिचा फोटो यायचा. पहिल्या वर्षी रुंद काठाचं लुगडं, दुसऱ्या वर्षी चौकड्याचं, तिसऱ्या वर्षी ठिपक्यांचं. चेहरा मात्र तसाच भरलेला. खाली नानाचं अक्षर, आई मजेत आहे. होस्टेलच्या खोलीत मी ते ओळीने लावले होते. वॉर्डातल्या मुली म्हणायच्या, तुझी आई म्हातारी होतच नाही. मी मूर्खासारखी खूश व्हायचे. दुसऱ्या वर्षी रजा मिळाली, तेव्हा मैत्रिणींबरोबर समुद्रावर गेले. आई काय, पुढच्या वर्षीही आहेच.

तिसऱ्या फोटोनंतर महिन्याभरात आई गेल्याची तार आली. मी तार वाचून फोटोकडे पाहिलं आणि मला तार खोटी वाटली.

विमानात ते तीन फोटो मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हा प्रथमच तिचा डावा हात नीट पाहिला. रक्त काढल्यावर आपण लावतो तसा कापूस आणि चिकटपट्टी. तिन्ही फोटोंत, त्याच जागी. दिवसभर परक्या बायकांना सुया टोचून तोच कापूस लावणारी मी, आणि तीन दिवाळ्या मला तो दिसला नव्हता.

घरी पाय ठेवताच फोटो नानापुढे टाकले. तो मान खाली घालून बोलला. मी गेल्यावर चारच महिन्यांत जळगावच्या डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं. आई तिथून थेट स्टुडिओत गेली. शेजारच्या अक्काची दोन लुगडी तिने आधीच पिशवीत घेतली होती; ती बदलत त्याच दुपारी तिन्ही फोटो काढून घेतले. “तिले काही सांगू नको,” ती नानाला म्हणाली होती, “ती बठ्ठं सोडीसन येई.”

सगळं सोडून आलेच असते. येऊ द्यायचं होतं. मी नानावर ओरडले, मेलेल्या आईवरही ओरडले. मग आजारातला एक तरी फोटो मागितला. तिने काढूच दिला नाही, असं तो म्हणाला.

त्या घरात एक बाई तीन वर्षं वाळत गेली. तिला मी ओळखत नाही. माझ्या वाट्याला घर म्हणून जळगावची ती एक दुपार आली. तुम्ही माझ्यासारखे लांब गेला असाल, तर घरून येणाऱ्या फोटोंवर भरवसा ठेवू नका, उठून जा. माझा राग अजून गेलेला नाही. दिवाळीला ते तिन्ही फोटो काढते. आधी हात बघते, मग तोंड.