पाहणीच्या दिवशीचे फेटे

राज्यात होणाऱ्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेची तयारी तपासायला विधिमंडळाची समिती कोल्हापुरात आली, तेव्हा मी बातमीसाठी मैदानावर होतो. परदेशी संघांच्या सरावासाठी हे मैदान बरेच महिने बंद होतं. नवं गवत लावून झालं होतं; फाटकाचं कुलूप मात्र निघत नव्हतं. शिवाजी पेठेतल्या मुलींचा संघ डांबरी रस्त्यावर सराव करत होता. काहींचे गुडघे फुटले होते आणि निवड चाचणी तोंडावर आली होती.

त्यांच्या प्रशिक्षकांना सगळी पेठ मामा म्हणायची. समितीला ते एकच गोष्ट विचारणार होते: मैदान पोरींना कधी मिळणार? आदल्या दिवशी मला म्हणाले, "लोकांच्या म्होरं इचारतो. मग टोलवता यायचं न्हाय."

समिती गाड्यांतून उतरली आणि हलगी सुरू झाली. एका टेम्पोतून फेट्यांची कापडं आली. पाहुण्याला उघड्या डोक्यानं जाऊ देणं पेठेला जमत नाही, आणि मामांसारखा फेटा बांधणारा तिथं दुसरा नव्हता. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मामा, तुमच्याबिगर हुतंय व्हय?"

मामांनी बाह्या सारल्या.

सदस्य बरेच होते, शिवाय अधिकारी. पीळ नीट बसल्याशिवाय मामा हात काढत नव्हते. अध्यक्षांचा तुरा त्यांनी सोडून पुन्हा बांधला.

"पैलवान, बास की," अध्यक्ष हसत म्हणाले.

"थांबा सायेब, फोटोत वाकडा दिसंल."

तोवर फेटा बांधून झालेल्यांना गवत लावणाऱ्या ठेकेदाराचा माणूस गॅलरीच्या सावलीत सरबताला घेऊन गेला होता. गवतावर कुणी पाऊल ठेवलं नाही.

टेम्पो कुणाचा, असं मी चालकाला विचारलं.

"मंडळाचा."

कुठल्या मंडळाचा, म्हटल्यावर त्यानं मोबाइल कानाला लावला. हौद्यात उरलेल्या कापडांशेजारी गवताला घालायच्या खताची पोती होती.

शेवटचा फेटा बांधून मामा वळले, तेव्हा अध्यक्ष आम्हा पत्रकारांशी बोलत होते. "स्थानिक खेळाडूंची काहीही तक्रार नाही. स्वागत तुम्ही पाहिलंतच."

मामा पुढे सरकले. "सायेब, एक इचारायचं हुतं."

"विश्रामगृहावर या, निवांत बोलू," म्हणत अध्यक्ष गाडीत बसले. आम्हाला दिलेल्या दौऱ्याच्या कार्यक्रमात मैदानानंतर जोतिबाचं दर्शन होतं आणि तिथून थेट पुण्याकडे प्रयाण. विश्रामगृह त्यात नव्हतं. मी तो कागद मामांना दाखवला. त्यांनी वाचला आणि परत दिला.

रखवालदारानं फाटकाला कुलूप घातलं. बाहेर मुली खिळ्यांचे बूट घालून तयार उभ्या होत्या.

"मामा, हलगीत कायबी ऐकू आलं न्हाय. काय म्हणालं सायेब?"

"तुमची काय तक्रार न्हाय म्हणालं," मामा म्हणाले, आणि चेंडूंची जाळी खांद्याला अडकवून रस्त्याकडे चालू लागले. मुली फाटकापाशी खाली बसून बूट काढू लागल्या. डांबरावर खिळे घसरतात.