काचेवरचा पंजा

यार्डात तिला सगळे काचताई म्हणायचे. खरं नाव कामावर लागताना कागदावर लिहिलं होतं, ते तिथंच राहिलं. काम एकच. कारखान्याच्या कामगारांना ने-आण करणाऱ्या अकरा गाड्या, त्यांच्या काचा आणि आरसे साफ ठेवायचे. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय, फडकं तर मारायचं! असं कुणी म्हणालं की काचताई त्याला भर पावसात ड्रायव्हरच्या सीटवर बसवायची. मागं बारा ओली माणसं कोंबलेली, काचांवर वाफ, बाहेर धो धो. आणि म्हणायची, "हं, शहाण्या, आता सांग, मागची स्कूटर कुठाय?" शहाणा दोन मिनिटांत खाली उतरायचा.

पाऊस लागला की ती बाहेरची काच साबणाच्या पाण्यानं धुवायची, जुन्या पेपरानं कोरडी घासायची. वायपरचं रबर दोन बोटांत धरून ओल्या फडक्यानं ओढत राहायची, काळं यायचं थांबेपर्यंत. बाहेरच्या आरशांवर कापलेला बटाटा फिरवायची, म्हणजे पाणी थेंब धरून बसत नाही, पसरून खाली जातं. काचेला आतून दाढीच्या साबणाचा पातळ हात द्यायचा, वाळला की कोरड्या फडक्यानं घासायचं. मग वाफ लवकर धरत नाही.

लंबू नावाचा एक जुना ड्रायव्हर होता, छताला डोकं टेकेल एवढा उंच. तो म्हणायचा, "ताई, माणसांची होत नाही एवढी दाढी तुम्ही काचांची करता."

"गप्प बस, नाहीतर तुझी करीन. बिनपाण्यानं."

तिचे नियम दोनच. पहिला, काचेला आतून हात लावायचा नाही. माणसाच्या हाताला तेल असतं. वाफ हातानं पुसली की घडीभर दिसतं, मग तिथंच असा चिकट धूसर पट्टा पडतो की समोरून दिवा आला की सगळी काच पांढरी. म्हणून प्रत्येक गाडीत गिअरच्या दांडीला तिनं एक पांढरं सुती फडकं बांधलेलं असायचं. ते फक्त काचेचं. नाक, बूट, डोकं, काही पुसायचं नाही.

दुसरा नियम बोटांचा. गाडी बाहेर पडायच्या आधी ड्रायव्हरनं सीटवर बसायचं, काचताई मागं जाऊन तीन जागी उभी राहायची आणि हात वर करायची. "किती?" ड्रायव्हरनं आरशात बघून बोटं सांगायची. चुकला की गाडी थांबली, मग मागं साहेब ओरडू दे नाहीतर त्याचा बाप. चौदा वर्षांत काचेपायी एक अपघात झाला नव्हता. याबद्दल तिला कुणी कधी शाबास म्हटलं नाही. न झालेला अपघात कुणाला दिसतो?

त्या अकरातली सात नंबरची गाडी तिच्या धाकट्या भावाकडे होती. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि ही तेरा. शाळा हिची सुटली, त्याची नाही. तो खोटं बोलायचा आणि बापाचा मार ही खायची, मधे पडून. हिनं लग्न केलं नाही, त्याचं लावून दिलं. यार्डात त्याला चिकटवला तोही हिनंच, साहेबाच्या दारात महिनाभर उभं राहून. घर शेजारी शेजारी, मधे एक भिंत. त्याच्या दोन पोरी हिच्याकडेच जास्त असायच्या. कुणी म्हणालं, "ताई, फार लाडावून ठेवलाय त्याला," की ती म्हणायची, "माझा आहे. तुला काय करायचंय?"

त्या दिवशी दुपारीच अंधारून आलं होतं. साडेतीनला सात नंबर निघायची होती. तिनं काच केली, आरसे केले, मागं जाऊन बोटं दाखवली.

"किती?"

"तीन. आता दोन. आता चार. ताई, चल ना, उशीर होतोय."

सगळी बरोबर. लंबू शेजारच्या गाडीला टेकून चहा पीत हे बघत होता. गाडी गेली.

पाचच्या आधी परत आली ती डावीकडून चेपलेली. कारखान्याच्या गेटपासून तीन चौक पुढं धाकट्यानं गाडी डावीकडे दाबली आणि तिथं स्कूटरवर एक शाळेतली बाई होती. त्याला ती दिसलीच नाही. बाई वाचली, पण मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. पोलिसांनी रस्त्यावरच कागद केले. मागच्या बाराजणांना विचारलं, तर सगळे मोबाईलमध्ये मुंडी घालून बसले होते. आता साडेसहाला मोठ्या ऑफिसातला चौकशीवाला येणार होता. यार्डाचे साहेब म्हणाले, "गाडी शेडमध्ये लावा. कुणी हात लावायचा नाही."

ड्रायव्हरची चूक निघाली की लायसन्स जाणार, नोकरी जाणार, हे यार्डातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. धाकटा नळाजवळ बसून राहिला, गुडघ्यात डोकं घालून. काचताई शेडमध्ये गेली.

तिला दार उघडायचीही गरज पडली नाही. डाव्या खिडकीच्या काचेवर, जिच्यातून तो बाजूचा आरसा बघायचा, तिथं पंजा होता. आतून. पाच बोटं ओढत नेलेली आणि शेवटी करंगळी बाहेर वळलेली. ती करंगळी तिला पाठ होती. लहानपणी दारात चेंगरून वाकडी झालेली, आणि दार हिनंच लावलं होतं. मग दार उघडलं, तर पांढरं फडकं सीटखाली पडलं होतं. तिनं उचलून वास घेतला. डोक्याचं तेल. पोट्ट्यानं भिजलेलं डोकं पुसलं होतं फडक्यानं, आणि मग काच पुसायला हात.

एवढंच झालं होतं. मूर्खपणा. आळस. रोज सांगून घसा कोरडा केला ती गोष्ट.

ती तिथं किती वेळ उभी राहिली कुणास ठाऊक. ज्या काचेसाठी ती लोकांशी भांडली, त्या काचेवर आता तिच्या भावाच्या पोटावर पाय देणारा पुरावा होता, अगदी ठशासकट. काच साफ निघाली तर म्हणता येणार होतं, पाऊसच तसा होता, ढगाला कोण पकडणार? कुणाचंच काही गेलं नसतं. त्या बाईचं हाड तर मोडलंच होतं, पंजा ठेवून ते जुळणार होतं का? असं तिनं स्वतःला समजावलं. समजावताना तिला स्वतःची लाज वाटली. तरी तिनं खिशातून स्वच्छ फडकं काढलं.

आणि पुसलं. जसं चौदा वर्षं पुसलं तसंच. आधी ओलं, मग कोरडं, मग साबणाचा हात, मग परत कोरडं. दुसऱ्या पद्धतीनं पुसायला तिला येतच नव्हतं.

नळाजवळ जाऊन ती हळूच म्हणाली, "हात लावला होतास ना काचेला?"

त्यानं डोकं गुडघ्यात आणखी खुपसलं.

"लावला होतास. पुसलंय मी. आता कुणी विचारलं तर एकच सांग. काच साफ होती, पाऊस फार होता. जास्त शहाणपणा करू नकोस."

त्यानं मान हलवली. डोळे भरून आले होते त्याचे. "ताई, तू नसतीस तर..."

"बास. नाक पूस. बाहीला."

चौकशीवाला आला. बारीक माणूस, कोरडे बूट. त्या पावसात कोरडे बूट कसे ठेवले देव जाणे. त्यानं गाडीभोवती फेरी मारली आणि धाकट्याला विचारलं, "काच साफ होती?"

"हो साहेब. पाऊस फार होता."

"पाऊस सगळ्यांवरच पडत होता. त्या रस्त्यानं शेकडो गाड्या गेल्या. काच साफ, आरसा साफ, तरी बाई दिसली नाही. म्हणजे तू बघितलंच नाहीस. बरोबर?"

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं काचताईकडे बघितलं. मग तिच्याकडे बघायचं बंद केलं.

"साहेब, खरं सांगू? काच साफ नव्हती. निघतानाच धुरकट होती. मी ताईला म्हणालो, ती म्हणाली, चालतंय जा."

"आता तर लख्ख दिसतेय."

"आता पुसलीय साहेब. तुम्ही यायच्या आधी. तिनंच सांगितलं मला, पुसलंय म्हणून."



यार्डाच्या साहेबांनी विचारलं, "पुसली का ताई तुम्ही?"

"पुसली."

"हात लावायचा नाही सांगितलं असताना?"

"पंजा होता त्याचा काचेवर. आतून. हातानं वाफ पुसली यानं. फडक्यानं डोकं पुसलं. ते मी पुसलं. भाऊ आहे माझा, म्हणून पुसलं!" तिचा आवाज फाटला. "निघताना बोटं बरोबर सांगितलीत यानं. विचारा लंबूला, तिथंच होता."

चौकशीवाल्यानं लंबूकडे बघितलं. लंबूची निवृत्ती चार महिन्यांवर आली होती. "मी चहा पीत होतो साहेब," तो म्हणाला. "माझं लक्ष नव्हतं."

"बरं, पंजा होता म्हणता. कुठं होता?"

काचताई गाडीत शिरली. हाताचं तेल साध्या पुसण्यानं जात नाही, काचेवर तोंडाची वाफ सोडली की ठसा परत उठतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिनं काचेला तोंड लावून 'हाऽ' केलं. सगळे वाकून बघत होते. काचेवर काही उठलं नाही. साबणाच्या हातावर नुसती वाफसुद्धा धरली नाही. तिनं परत केलं. अजून एकदा. छाती रिकामी होईपर्यंत. काच तशीच, हसल्यासारखी स्वच्छ.

"काम चांगलं करता तुम्ही," चौकशीवाला म्हणाला. "फक्त उशिरा करता."

तिनं खिशातली फडकी काढून साहेबांच्या हातात दिली आणि गेटबाहेर पडली. लंबू मागं धावत आला. "ताई, माझंही समजून घ्या हो..."

"घेतलं. जा, चहा गार होतोय."

धाकटा अंधार पडल्यावर घरी आला. लायसन्स राहिलं होतं, पाच दिवस बिनकामाचा बसवला होता, एवढंच. तो ताईच्या दाराच्या पायरीवर बसला. ती आत, कडी न लावता.

"ताई, मला काही सुचलंच नाही गं. तू एकटी आहेस, तुझं कुठंही भागेल. माझ्यामागं दोन पोरी आहेत."

आत ती भांडी लावत राहिली.

"आणि तू पण मग सगळं सांगितलंसच की. मी काय तुला वाईट..."

"त्या बाईच्या मागं कोण आहे, विचारलंस?"

तो म्हणाला, "शिव्या दे. मार. पण काहीतरी बोल."

"बोलले असते," ती म्हणाली. "पण तू ते उद्या साहेबाला सांगशील."

तो तिथंच बसून राहिला. रडला थोडा. भिंतीपलीकडून त्याच्या बायकोनं हाक मारली, पानं वाढलीत म्हणून. थोरली पोरही बोलवायला आली, "बाबा, चला ना." तो उठला, पायरीवर पाय झटकले आणि गेला.

जेवलासुद्धा. भिंत पातळ होती, ताटाचा आवाज येत होता.