युरियाच्या पोत्यावर बसलेली अक्का

अक्काला कुणाच्या घरी न्यायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. कॉफी यायच्या आत ती परसात शिरायची आणि घेवडा, भुईमूग, जे शेंगेचं झाड दिसेल ते मुळासकट उपटायची. मुळांवरच्या बारक्या गाठींपैकी एक तोडून अंगठ्याच्या नखानं चिरायची आणि डोळ्यांशी धरायची. माझ्या लग्नाची बोलणी करायला आम्ही होसकोटेला गेलो, तेव्हाही तिनं हेच केलं. वरून होणाऱ्या सासूबाईंना म्हणाली, "खत फार घालता की तुम्ही! झाड आळशी झालंय. बघा, एक गाठ धड नाही." लग्न झालं ते सासूबाईंच्या मोठ्या मनामुळे, अक्कामुळे नव्हे!

नात्यानं ती वडिलांची चुलतबहीण, पण येलहंकातल्या आमच्या गोतावळ्यात लहानथोर सगळे तिला अक्काच म्हणत. आमची माणसं पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात राहिलेली, दुकानं नाहीतर ऑफिसं सांभाळणारी. ही एकटी आयुष्यभर प्रयोगशाळेत मातीतल्या जिवाणूंवर काम करून निवृत्त झालेली. तिथं काय करायचीस, असं कुणी चुकून विचारलं की संपलंच.

"हवेत नत्र केवढं आहे बघ," ती सुरू करायची. "पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून बसतात, की झाडाला त्याचा काडीचा उपयोग नाही. ते सोडवायला कारखान्यात भट्ट्या पेटवतात, प्रचंड दाब देतात. आणि माझे जिवाणू? त्यांच्याजवळ एक विकर आहे, नायट्रोजनेज. ते गार मातीत, गपचूप, त्याच नत्राचा अमोनिया करतं. तो झाडाला मिळतो आणि झाड जिवाणूंना साखर देतं." मग आवाज खाली आणून, घरातल्या नाजूक पोराबद्दल बोलावं तशी सांगायची, "फक्त त्याला ऑक्सिजन सोसत नाही गं. लागला की खलास. म्हणून गाठीत एक लालसर द्रव्य तयार होतं, आपल्या रक्तातल्या रंगाचं भावंडच. ते ऑक्सिजन आवरून धरतं. गाठ आतून गुलाबी दिसली, की समजायचं काम चालू आहे." तोवर समोरच्याची कॉफी गार झालेली असायची.

देवनहळ्ळीला वडिलांची थोडी जमीन होती. आजूबाजूच्या शेतांचे भराभर लेआउट होत होते, म्हणजे घरांसाठी प्लॉट पडत होते. वडील गेल्यावर माझा थोरला भाऊ, अण्णा, म्हणाला, विकून टाकू. मी म्हटलं, मुळीच नाही. खूप भांडलो. शेवटी ठरलं, की एक हंगाम मी अवरे लावायचे, म्हणजे बेंगळुरात सगळे जीव टाकतात तो वाल. पीक आलं तर जमीन राहील, नाहीतर मी निमूट सही करायची.

अक्का न बोलावता आली. तिनं गुळाच्या गार पाण्यात जिवाणूंचं खत कालवलं, बियाण्याला चोळलं, सावलीत वाळवलं आणि बजावलं, "युरियाचा दाणा पडता कामा नये. आयतं मिळालं की झाड गाठी धरत नाही."

रोपं छान वर आली आणि बघता बघता पिवळी पडली. मला जेवण गोड लागेना. अण्णानं ऐकलं मात्र, गाडीत युरियाचं पोतं घालून थेट शेतावर हजर! पोतं खाली उतरवलं, तशी अक्का साडी सावरून त्यावर बसलीच.

"ऊठ अक्का. पीक चाललंय हातचं."

"अय्यो, कुठं चाललंय? बियातली शिदोरी संपली आणि गाठींचं काम अजून सुरू व्हायचंय. मधली उपासमार आहे ही. स्वल्प थांब की."

मी एक गाठ चिरून पाहिली. आत पांढरी. "अक्का, नाहीच झाली गुलाबी तर?"

"तर माझ्यामुळे जमीन गेली म्हणून येलहंकाभर सांग. पण होणार."

अण्णा चिडून पोतं तिथंच टाकून गेला. आम्ही थांबलो. थोड्याच दिवसांत पानं हिरवी होऊ लागली. गाठ चिरली तर आत लख्ख गुलाबी. मी शेतातच अक्काला मिठी मारली. थंडीत शेंगा अशा लगडल्या, की अण्णानं स्वतः पिशव्या भरून सासुरवाडीला पोचवल्या आणि लेआउटवाल्याला पुन्हा येऊ नको म्हणून सांगितलं. जमीन राहिली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अक्का गेली. मी हमसून हमसून रडले. असं भांडून धीर देणारं माणूस मला पुन्हा भेटायचं नाही.

पाऊस झाल्यावर मी एकटीनंच बियाणं चोळलं, पेरलं. रोपं पुन्हा पिवळी पडली. सगळं माहीत असूनही माझा धीर सुटला आणि मी बांधावरूनच दुकानदाराला फोन लावला, म्हटलं, युरिया पाठवा. अण्णा मदतीला आला होता. चिखलाच्या हातानं त्यानं माझा फोन ओढून घेतला. "बेडा, नको पाठवू," असं दुकानदाराला सांगून ठेवून दिला आणि माझ्यावरच खेकसला, "एवढी घाई कसली गं तुला?"